बहात्तर डेसिबलची गल्ली

८ जानेवारी

प्रिय आत्या,

नोकरी लागली आणि अजून टिकून आहे, या दोन्ही बातम्या एकदमच देतोय. दुसरीचं आश्चर्य जास्त वाटून घे. फोनच करणार होतो, पण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू काही खणातून बाहेर काढणार नाहीस. म्हणून ही लेखणीची शिक्षा.

तू ज्यांच्याकडे माझ्यासाठी शब्द टाकलास, त्या साहेबांना ऑफिसात सगळे मागून ‘दशांश’ म्हणतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, “‘अंदाजे’ हा शब्द दाराबाहेर ठेवून आत यायचं.” मी म्हटलं, “ठेवला, अंदाजे.” ते हसले नाहीत. पण काढूनही टाकलं नाही.

काम मला आवडलंय. कुणाला कारखाना, पूल, काहीही बांधायचं असलं की आधी आम्ही जाऊन तिथली हवा, पाणी, आवाज, झाडं, पक्षी मोजून ठेवायचं. म्हणजे उद्या काय बिघडेल ते आज सांगता येतं. लग्नाआधी स्थळाची चौकशी करतात तसंच, फक्त इथे चौकशीचे पैसे नवरदेव देतो. सध्याचा नवरदेव म्हणजे ट्रकांचा एक मोठा तळ. बंद पडलेल्या काचकारखान्याच्या जागेवर तो होणार, आणि त्याचं एक गेट मागच्या अरुंद गल्लीत उघडणार. आवाजाची मोजणी माझ्याकडे आहे.

काल गल्ली पाहायला गेलो. एका टोकाला वृद्धाश्रम, दुसऱ्या टोकाला व्हायोलिन दुरुस्तीचं दुकान. आतून एकच स्वर पुन्हा पुन्हा येत होता, कुणीतरी न कंटाळता दार वाजवत राहावं तसा. मी दारात उभा राहिलो. ती स्टुलावर बसलेली, केसांत पेन्सिल खोचलेली, बोटांना सरस. वर न बघता म्हणाली, “घर शोधताय की भांडण?”

आत्या, मी कॉलेज मधेच सोडलं तेव्हा तू विचारलंस, आयुष्यात नक्की काय हवंय रे तुला? उत्तर सापडलंय. बाबांना इतक्यात सांगू नकोस.

तुझा,
भडक्या


१९ जानेवारी

चि. भडक्यास,

आशीर्वाद नेहमीचेच, या वेळी जरा जपून वापर.

तुझ्या आयुष्याचं उत्तर गेल्या वर्षी ग्रंथालयात बसायचं आणि त्याच्या आदल्या वर्षी बसस्टॉपवर उभं राहायचं, हे मी विसरलेले नाही. तरी या मुलीला पहिल्याच वाक्यात तुझी ओळख पटली, म्हणजे हुशार असणार.

आता कामाचं. मी आयुष्यभर गिरण्या आणि छापखाने मोजत फिरले, कान त्यातच गेले. म्हणून हक्काने सांगते. यंत्र तिपाईवर, उघड्यावर, भिंतीपासून लांब ठेवायचं. आणि मोजणाऱ्याने तिथून निघून जायचं. आपण उभे राहिलो की लोक वेगळे वागतात. कुणी गप्प होतं, कुणी मुद्दाम ओरडतं. आपल्याला मोजायचा असतो तो आपण नसतानाचा दिवस.

दादाला तुझ्या नोकरीचं सांगितलं. तो फक्त “हं” म्हणाला. पण मग आवाज मोजायचं यंत्र दिसतं कसं, हे त्याने दोनदा विचारलं. पोराशी बोलत नाही म्हणतो, आणि चौकशी माझ्याकडे!

गुडघा बरा आहे. यंत्र खणातच आहे, आणि तिथेच बरं आहे.

आत्या


४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मोजणी झाली! यंत्र तिपाईवर होतं, माइकवर तो काळा स्पंजाचा गोळा होता, आधी आणि नंतर तपासणी, सगळं तू सांगितलंस तसं. एका बाबतीत मात्र डोकं चालवलं. नकाशातला बिंदू वृद्धाश्रमाच्या मागच्या कुंपणाशी होता. तिथे ना सावली, ना प्लग, आणि आमची बॅटरी म्हणजे म्हातारी घोडी. म्हणून यंत्र तिच्या दुकानाच्या खिडकीत लावलं. गल्ली तीच, मधे चार घरं, एवढ्याने काय होतंय? कागदावर बिंदूचा क्रमांक नकाशातलाच टाकला. उगाच खुलासे कोण लिहीत बसणार?

आणि आत्या, काय दिवस गेला! तिच्याकडे एका मोठ्या वादकाचं व्हायोलिन आलंय. नव्या तारा बसवल्या की त्या ताणून ताणून स्थिरावेपर्यंत वाजवत बसावं लागतं. उजेड खिडकीतच चांगला, म्हणून ती तिथेच, यंत्राला जवळजवळ खांदा लावून बसली. म्हणाली, “अहो मोजणीवाले, तुमच्या या काळ्या लाडूला काय ऐकवू?” मी म्हटलं, “जे येतं ते सगळं.” ती थांबली की मी म्हणायचो, “अजून एक.” दुपार संपली तरी माझं ‘अजून एक’ संपलं नाही. शेवटी म्हणाली, “तुमच्या यंत्राला कान आहेत की भूक?”

तिने मला एक गंमत दाखवली. व्हायोलिनच्या पोटात लाकडाची एक बारीक कांडी नुसती दाबून उभी केलेली असते, चिकटवलेली नसते. ती केसभर सरकली तरी सगळा आवाज बदलतो. कुठे थांबायचं ते फक्त कानाला कळतं. म्हणूनच तिच्या मावशीने हे दुकान या गल्लीत थाटलं. अशी शांत गल्ली या गावात दुसरी नाही म्हणे. मी म्हटलं, काळजी करू नका, मोजणी माझ्या हातात आहे.

आहे ना!

भडक्या


२१ फेब्रुवारी

चि. भडक्यास,

तुझं पत्र तीनदा वाचलं. इतका आनंदाने लिहिलेला मजकूर तुझ्याकडून याआधी आलेला नाही. आजवरची सगळी पत्रं कुणाच्या ना कुणाच्या नावाने शंख करणारी. तिसऱ्यांदा दादाला वाचून दाखवलं, मुलीचा भाग गाळून. तो म्हणाला, “गाळलंस ते वाच.”

मग वाचलं. लाजू नकोस.

आत्या


२८ मार्च

आत्या,

मी राजीनामा दिलाय. तोंडी. लेखी द्यायला कागद मागितला तर दशांश म्हणाले, “आधी पाणी पी.” ते पाणीही मी प्यायलो नाही!

झालं असं. आमचा अहवाल लोकांना वाचायला ठेवला होता. ती जाऊन वाचून आली. मी नेहमीसारखा दुकानात गेलो तर हातातली पक्कड खाली ठेवून मला विचारते, “आमच्या गल्लीत दिवसाचा आवाज बहात्तर डेसिबल? इथल्या घरांना मर्यादा पंचावन्नची. वृद्धाश्रमातल्या कुठल्या आजोबांना शिंक आली ते मी इथे बसून ओळखते. हे बहात्तर आले कुठून?” अहवालात पुढे लिहिलंय की गल्ली मुळातच इतकी गोंगाटाची आहे की ट्रकांनी विशेष फरक पडणार नाही. विशेष फरक! गेट तिच्या खिडकीसमोर उघडणार आहे. ट्रक मागे घेताना ते जे किंचाळतात, त्यात ती कांडी कुठल्या कानाने लावणार? दुकान हलवावं लागेल म्हणाली. ते सांगताना आवाज अगदी साधा होता तिचा, त्यानेच माझं डोकं फिरलं.

तडक ऑफिसात गेलो. दशांशांच्या टेबलावर हात आपटून विचारलं, “तळवाल्यांकडून किती घेतलेत?” सगळं ऑफिस उभं राहिलं. ते शांतपणे म्हणाले, “आकडा यंत्रातून आलाय. यंत्र तू ठेवलं होतंस.” बघ, वर माझ्यावरच ढकलतात! एवढा काटेकोर म्हणवणारा माणूस, आणि विकला गेला.

वीस एप्रिलला जाहीर सुनावणी आहे. तिथे सगळ्यांसमोर त्यांचं पितळ उघडं पाडणार, असं मी तिला सांगितलंय. तिने पहिल्यांदाच मला बसायला तिचं स्वतःचं स्टूल दिलं आणि म्हणाली, “त्या ऑफिसातले तुम्ही एकटेच आमच्या बाजूचे.” गल्लीभर सांगून आलीये. आता माघार नाही.

तुझ्या ओळखीने मी या माणसाकडे लागलो, म्हणून तुला आधी कळवतोय.

भडक्या


४ एप्रिल

भडक्या,

बस. उभा राहून वाचू नकोस.

तू टेबल बडवलंस त्याच संध्याकाळी दशांशने मला तुझ्या मोजणीचा आलेख पाठवला. तो माझ्या हाताखाली शिकलेला आहे. त्याने तुझी तक्रार केली नाही, फक्त विचारलं, “बाई, यात मला काय दिसत नाहीये?”

पहिल्यांदा मलाही वाटलं, शेजारी कुणी सुतार करवत चालवत असेल. मग तुझं फेब्रुवारीचं पत्र काढलं आणि आलेखाशेजारी ठेवलं. सकाळी रेघ खाली, अगदी शांत. तू तिथे बसलास की वर चढते. जेवायच्या वेळी उतरते, पुन्हा चढते. तू निघालास की कोसळते आणि झोपी जाते. अरे वेड्या, हा ट्रकचा आवाज नाही, कुणाच्या लबाडीचाही नाही. ते तिचं व्हायोलिन आहे. हातभर अंतरावरून, दुपारभर, तुझ्या ‘अजून एक’ वर वाजलेलं.

आणि त्याने काय होतं ते समजून घे. मोठ्या आवाजात दुसरा आवाज बुडून जातो. बहात्तरमध्ये ट्रकांचे अडुसष्ट मिसळले तर बेरीज जेमतेम दीडने वाढते. कागदावर ‘विशेष फरक नाही’. शांत गल्लीत तेच अडुसष्ट आले तर सगळे दिसतात. तू तिच्या खिडकीत बसून तिच्याच खिडकीसमोरचं गेट मंजूर करून ठेवलंस.

आता माझा वाटा. तू यंत्र खिडकीत ठेवल्याचं मला तेव्हाच लिहिलं होतंस. जन्म याच कामात गेला माझा, मला त्या ओळीशीच थांबायला हवं होतं. पण मी पत्रातली मुलगी वाचली, यंत्र वाचलंच नाही. तीनदा वाचूनसुद्धा.

काय करायचं ते सांगत नाही. सांगितलं की तू उलटं करतोस.

आत्या


१० एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून आधी तुझ्यावरच चिडलो. मग आलेख मागवून घेतला. त्यात एक बारीक खळगा आहे, दुपारी. तेव्हा ती तार पिळत होती आणि मी मूर्खासारखा तिच्या बोटांकडे बघत होतो. मला आठवतोय तो खळगा. म्हणजे वाद घालायला जागाच उरली नाही.

आधी दशांशांकडे गेलो. ‘चुकलो’ हा शब्द माझ्या तोंडातून कसा निघतो हे मलाही पहिल्यांदाच ऐकायला मिळालं. ते म्हणाले, “हात दुखला का? टेबल शिसवाचं आहे.” मग स्वतःहून म्हणाले, “नकाशाशी ताडून बघायला मीही आलो नाही. सुनावणीत ऑफिसच्या वतीने दुरुस्ती मी वाचेन.” मी म्हटलं, नाही, मी बोलणार. गल्लीला शब्द मी दिलाय, तळपट झालं तर माझंच होऊ दे.

मग तिच्याकडे. रस्ताभर वाक्यं जुळवली होती, दारातच सगळी सांडली. सरळ सांगून टाकलं: मला तुमच्याजवळ बसायचं होतं म्हणून यंत्र तुमच्या खिडकीत ठेवलं, आणि ते बहात्तर म्हणजे तुम्ही.

तिने केसांतली पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाली, “म्हणजे मी वाजवून वाजवून माझ्याच दुकानाला कुलूप लावत होते. आणि तुम्ही ‘अजून एक’ म्हणत होतात.”

“हो.”

“मला वाटलं, तुम्हाला संगीत आवडतं.”

“मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही.”

तिने खिडकी लावून घेतली. आदळली नाही. सावकाश लावली, कडीसुद्धा. आदळली असती तर बरं झालं असतं.

मी सुनावणीला बोलणार आहे. ती आली नाही तरी.

भडक्या


२२ एप्रिल

प्रिय आत्या,

बोललो!

शाळेचा हॉल, पंखे कुरकुरणारे, पुढे अध्यक्षबाई, एका बाजूला तळवाल्यांचा इस्त्रीदार प्रतिनिधी, समोर अख्खी गल्ली. ती शेवटच्या रांगेत होती. प्रतिनिधीने मोठ्या पडद्यावर बहात्तर दाखवले आणि गोड आवाजात म्हणाला, “गल्ली आधीच गजबजलेली आहे.” वृद्धाश्रमातली एक आजी उठली, “अहो, आमच्याकडे गजबज म्हणजे यांच्या काठीचा आवाज. तोही हे चालले तर!” शेजारचे आजोबा म्हणाले, “चालतो की रोज!” सगळा हॉल हसला.

मग मी माइक घेतला. म्हटलं, “हा आकडा माझा आहे आणि खोटा आहे. यंत्रात बिघाड नव्हता, साहेबांची लबाडी नव्हती. जागा मी बदलली. यंत्र जिथे ठेवलं तिथे हातभर अंतरावर एक व्हायोलिन वाजत होतं. तो आवाज गल्लीचा नाही.”

प्रतिनिधी ताडकन म्हणाला, “व्हायोलिन गल्लीतच आहे ना? मग तो गल्लीचाच आवाज.”

आत्या, इथे मी पूर्वीसारखा असतो तर टेबल शोधलं असतं. मी म्हटलं, “साहेब, तुमच्या कानाशी येऊन मी आत्ता शिट्टी वाजवली तर हा हॉल गोंगाटाचा आहे असं लिहाल का? नकाशात जिथे बिंदू आहे तिथे पुन्हा मोजा. आकडा काय यायचा तो येऊ दे, तो मी मान्य करेन. तुम्ही कराल का?”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. “जागा का बदललीत?”

मी म्हटलं, “कारण खाजगी आहे, पण अख्ख्या गल्लीला माहीत आहे.” यावर जो हशा झाला त्यात पंखेसुद्धा ऐकू येईनासे झाले. पुन्हा मोजणीचा आदेश मिळाला. निकाल त्यानंतरच.

दशांशांनी पुढची मोजणी माझ्याकडेच दिली. अट एकच: यंत्र बिंदूवर ठेवताना ते स्वतः उभे राहून पाहणार.

ती हॉलबाहेर थांबली होती. विचारलं, “मोजणीच्या दिवशी मी दुकान बंद ठेवू? सगळी गल्ली गप्प राहील. मी सांगेन त्यांना.” मी हो म्हणणारच होतो. म्हणालो, कळवतो. तुला विचारल्याशिवाय नको वाटलं. लवकर लिही.

भडक्या


२७ एप्रिल

चि. भडक्यास,

नको.

गप्प बसवलेली गल्ली हीसुद्धा खोटीच. तिला सांग, नेहमीसारखं वाजव. आजोबांना नेहमीसारखं चालू दे. खरी शांतता असेल तर ती तेवढ्याने मोडत नाही, आणि मोडत असेल तर ती वाचवायला आपण खोटं बोलायचं नाही.

तू विचारलंस, याचा मला फार आनंद झाला. दादालाही. तो म्हणाला, “विचारलं? आपल्याने?”

आत्या


१५ मे

प्रिय आत्या,

तुझं ‘नको’ घेऊन तिच्याकडे गेलो. म्हटलं, नेहमीसारखं वाजवा. ती म्हणाली, “आणि आकडा वर गेला तर?” मी म्हटलं, “तर मी हरलो, तुमचं दुकान गेलं, आणि तुम्ही माझं तोंड बघणार नाही. तरीसुद्धा वाजवा.” माझ्याकडे असं बघत राहिली, जणू मी पोटातली कांडी सरकलेलं व्हायोलिन आहे आणि हलकेच जुळवावं की ठोकावं हे तिला ठरवायचंय.

यंत्र या वेळी कुंपणाशी, तिपाईवर, भिंतीपासून लांब. प्लग नव्हता, म्हणून दशांशांनी स्वतःच्या गाडीची बॅटरी काढून दिली आणि घरी चालत गेले. मी निघून गेलो. आत्या, तुला सांगतो, आपण नसतानाचा दिवस मोजणं फार अवघड आहे. दिवसभर काचकारखान्याच्या पलीकडच्या बागेत बसलो आणि गल्लीकडे कान लावला नाही. लावला, पण काही ऐकू आलं नाही.

तिने वाजवलं. सकाळी थोडं, दुपारी भरपूर, आजींनी सांगितलं. आजोबाही काठी घेऊन मुद्दाम नाही, रोजच्यासारखे फिरले. एक पाव विकणारा सायकलवाला भोंगा वाजवत गेला, तोही नेहमीचाच.

एकोणपन्नास. व्हायोलिन, काठी, भोंगा सगळं धरून एकोणपन्नास! दशांशांनी आकडा तीनदा तपासला, मग खुर्चीला टेकून म्हणाले, “अंदाजे पन्नास धर.” आत्या, ‘अंदाजे’ म्हणाले! सगळं ऑफिस माना वळवून बघायला लागलं.

काल निकाल आला. तळ होणार आहे, तो काही थांबला नाही. पण त्याचं गेट मोठ्या रस्त्याकडे उघडणार, आणि गल्लीच्या बाजूला भिंत, तिच्यामागे झाडांची रांग. गल्लीत एकही ट्रक येणार नाही. प्रतिनिधी माझ्याशी हात मिळवून म्हणाला, “तुमची शिट्टी महागात पडली.” मी म्हटलं, वाजवलीच कुठे?

यंत्र परत द्यायला ऑफिसात चाललो होतो, वाट गल्लीतूनच होती. खरं तर नव्हती. खिडकी उघडी होती. ती नेहमीच्या जागी, केसांत पेन्सिल. तिने आधी माझ्या खांद्यावरच्या पेटीकडे बघितलं.

“आज काय मोजताय?”

“काही नाही. परत करायला चाललोय.”

“चालू आहे का ते?”

“बंद आहे.”

ती पक्कड उचलून म्हणाली, “हे देऊन ये. आणि परत येशील तेव्हा यंत्र न घेता ये.”

मी गेलो, दिलं, आणि परत आलो. धावत. दुपारभर बसलो. एकदाही ‘अजून एक’ म्हणालो नाही, तरी ती वाजवत राहिली.

बाबांना म्हणावं, पुढच्या महिन्यात इकडे या, मुलगा काय काम करतो ते दाखवतो. तूही ये. तुझ्यासाठी खिडकीजवळची जागा राखून ठेवायला सांगितलंय. फक्त खण उघड, आत्या. तू मात्र तुझं यंत्र लावूनच ये.

तुझा,
भडक्या